खडवलीला मी सूर होतो

लोक मला विचारतात, "तुम्ही तरुणपणी आट्यापाट्या खेळायचात ना? कोणत्या पाटीवर?" मी म्हणतो, सूर. मग त्यांचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न येतो, "वा! किती सामने खेळलात?" इथे माझं टाळकं सरकतं. आज इतकी वर्षं झाली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळून मोठी झाली, तरी त्या प्रश्नाला सरळ उत्तर मला देता येत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मुंबईला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला त्या सालची गोष्ट. आम्ही कोलशेतचे, खाडीकाठचे, मिठागरावर राबणारे लोक. घरात बोलतो ती खाडीकाठची बोली. मी ठाण्याच्या शाळेत चार बुकं शिकलो म्हणून हे असं लिहितो आहे. पण मामाचं बोलणं मी बदलणार नाही. ते शाळेतल्या भाषेत घातलं तर मामा स्वर्गातून खाली येऊन माझा कान पिरगळेल.

आमचा संघ हौशी पोरांचा नव्हता. मिठागराचे मालक, शेट, यांना आट्यापाट्यांचं वेड. त्यांनी गावातले गडी निवडून पदरी ठेवले होते. दिवाळी झाली की आमच्या डोक्यावरची मिठाची पाटी उतरायची ती थेट अक्षय्यतृतीयेला पुन्हा चढायची. मधले महिने काम एकच, खेळायचं. सकाळी दूध, दुपारी मासळी-भात, वर पगार, आणि जिंकून आलो तर फेटा. बाकीचं गाव उन्हात मीठ ओढत असताना आम्ही कापलेल्या भाताच्या रानात हुलकावण्या देत पळायचो. बायका बांधावरून शिव्या घालायच्या, पण त्याच बायका सामन्याला सगळ्यात पुढे बसायच्या.

ज्याने हा खेळ पाहिला नाही त्याच्यासाठी दोन शब्द. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, एकामागे एक. प्रत्येक पाटीवर एक गडी. समोरच्या संघाने त्या ओलांडत शेवटापर्यंत जायचं आणि परत यायचं. पाटीवाल्याने आपली पाटी सोडायची नाही, पण तिच्यावरून जाणाऱ्याला त्याचा हात लागला की तो मेला. आणि या सगळ्या आडव्या पाट्यांच्या मधोमध, पोट चिरावं तशी, एक उभी पाटी. तिच्यावर असतो तो सूर. बाकीचे आपापल्या पाटीला बांधलेले. सूर तेवढा पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत धावतो. पुढून पाटीवाला आणि बाजूने सूर असा गडी कोंडला, की तो गेलाच. सूर नसेल तर आट्यापाट्या म्हणजे नुसती पळापळ. मध्ये कोणी अडवणाराच नाही, मग कोंडी व्हायची कशी?

आमचा सूर होता माझा सख्खा मामा. संघाचा वस्तादही तोच. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मामाचं नाव काढलं की गडी पायाला पाय लावून पळायचे. पण त्या वर्षी त्याचे गुडघे गेले. उकिडवं बसला की उठताना 'आई गं' म्हणायचा आणि मग आपणच चिडायचा.

आणि मी? मी चार हंगाम शेवटच्या पाटीवर उभा. शेवटची पाटी म्हणजे काय ते खेळलेल्यालाच कळेल. पुढे सगळी धमाल चाललेली असते आणि आपण मागे हात चोळत उभे. चुकूनमाकून एखादा गडी तिथवर पोचला तर पोचला. मी मामाच्या मागे लागलो, हातापाया पडलो, भांडलो, एकदा तर दोन दिवस जेवलो नाही. शेवटी दिवाळीच्या पाडव्याला मामाने सगळ्या संघाला गावदेवीपुढे उभं केलं, नारळ फोडला आणि म्हणाला, "औंदा सूर ह्यो. आईसमोर दिली जागा. आता ती याची."

मी तिथल्या तिथे उडी मारणार होतो. पण अजून एक गोष्ट बाकी होती. आमच्याकडे रीत अशी, की जुना सूर आपला तांबडा शेला नव्या सुराच्या कमरेला बांधतो, आणि तो घरात नाही, देवळात नाही, तर सामन्याच्या मैदानावर, नाणेफेक झाल्यावर, समोर दुसरा संघ उभा असताना. तोवर नवा सूर म्हणजे नुसता शब्दाचा सूर. शेला बांधल्यावर खरा. मामाच्या कमरेला तो शेला त्याच्या वस्तादाने असाच बांधला होता. धुऊन धुऊन त्याचा रंग विटक्या विटेसारखा झाला होता, पण आम्ही सगळे त्याला तांबडाच म्हणायचो.

माझं सगळं त्या शेल्यात अडकलं होतं. एक सामना, फक्त एक, की झालं. मग मला त्या पाटीवरून कोणी हलवू शकलं नसतं.

आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

पहिला सामना डोंबिवलीला होता. आम्ही भल्या पहाटे होडीने निघालो, भरती धरून, गाणी म्हणत. मामाच्या गाठोड्यात शेला. उतरलो आणि शेतातून गावाकडे चाललो, तर गाव चिडीचूप. कुत्री तेवढी भुंकत होती. तेवढ्यात दूरच्या माळावरून कोणी ओरडलं, "थांबा! गावात जाऊ नका!" पाटलाच्या माडीवर मेलेला उंदीर पडला होता, आणि सगळं गाव रात्रीतून उठून माळावर पेंढ्याच्या झोपड्या घालून राहिलं होतं. ज्यांच्याशी आम्ही खेळायला आलो होतो ते गडी बांधाच्या पलीकडे उभे होते, हात जोडून. त्यांनी आमच्यासाठी पाण्याचा हंडा बांधावर आणून ठेवला आणि पन्नास पावलं मागे गेले, मग आम्ही प्यालो. मामाने गाठोडं काखेत मारलं आणि परत फिरला.

दुसरा सामना ठाण्यात, घरचाच. तलावापलीकडच्या मोकळ्या रानात आम्ही आदल्या दिवशी जाऊन पाट्या आखल्या, काटे वेचले, पाणी शिंपडलं. मी ती उभी पाटी माझ्या हाताने आखली. सुतळी धरून, अगदी नाकासमोर. दुसऱ्या दिवशी लोक जमायला लागले आणि कचेरीतून हुकूम घेऊन फौजदार आले. जमाव करायचा नाही. जत्रा नाही, तमाशा नाही, कुस्ती नाही, आट्यापाट्या नाहीत. आमचे शेट पुढे झाले, वकिली भाषेत बोलले, फौजदारांना पान देऊ केलं. फौजदार म्हणाले, "शेटजी, मलाही बघायला आवडलं असतं." आणि त्यांच्या शिपायांनी बुटांनी पाट्या पुसल्या. माझी उभी पाटीसुद्धा. मी पुढे झालो तर मामाने माझं मनगट धरलं. त्याची पकड एवढी होती, की संध्याकाळपर्यंत वळ राहिला.

तिसरा सामना कल्याणचा. तो तर आम्ही घराबाहेर पडायच्या आधीच बुडाला. निरोप आला, की त्यांचा अर्धा संघ देशावर पळाला, उरलेल्यांच्या आया त्यांना उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती ही. मी रोज सकाळी उठून रानात पळायचो, कोणासाठी कोण जाणे. पाटीवर उभा राहून हवेला हात मारायचो. आई म्हणायची, "अरे, माणसं मरतात तिकडं, आन् तुला खेळ सुचतो?" तिचं खरं होतं. मुंबईहून रोज वाईट बातमी यायची, ओळखीच्या घरांतली यायची. पण तेवीस वर्षांच्या माणसाला खरं ऐकायचं नसतं. मला मरणाची भीती वाटत नव्हती, खोटं कशाला बोलू. मला भीती वाटत होती ती हंगाम संपण्याची.

शेटांचाही धीर सुटत चालला होता. बसून खाणारे नऊ गडी आणि एक वस्ताद पोसायचे, तेही मिठागर ऐन भरात आलेलं असताना! एका संध्याकाळी त्यांनी मामाला बोलावलं आणि सांगितलं, "खडवलीकर तयार आहेत. तिकडे अजून हुकूम नाही, गावात आजार नाही. हा एक सामना होऊ दे. पाहुणे घेऊन मी स्वतः येतो. बघू माझा संघ अजून संघ आहे का." मामाने घरी येऊन हे सांगितलं, आणि त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. जिंकलो तर संघ राहील. नाहीतर ज्याने त्याने आपापली पाटी डोक्यावर घ्यावी.

माझ्या अंगात वारं शिरलं. त्या दिवसापासून मी दुप्पट पळायला लागलो. आणि दुप्पट पळणाऱ्याचा पाय दुप्पट कापतो. खाडीच्या काठाने धावताना कालवाची शिंप टाचेच्या वर खोल गेली. आमच्याकडे यावर उपाय एकच. जखमेत मीठ भरायचं, वरून हळद आणि कढत तेलाचा चटका, आणि बांधून टाकायचं. मामाचा हात त्यात असा बसलेला, की तीन दिवसांत वरून कातडी मिटते आणि गडी पुन्हा पाटीवर. मीठ भरताना मी मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे माझ्या आईच्याही. मामा हसत म्हणाला, "ओरड, ओरड. खडवलीला नाय ओरडलास म्हंजे झाला."

जखम मिटली. पण पायाला लागलं की जांघेत अवधाण येतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. अनवाणी खेळणारा गडी आणि त्याच्या जांघेत सुपारीएवढी गाठ, यात कोणाला काही नवल वाटत नसे. मलाही वाटलं नाही. मामाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "उतरंल दोन दिसांत." जगात इतकी साधी गोष्ट दुसरी नव्हती.

ठाण्याहून आम्ही गाडीत बसलो. शेट आणि त्यांचे पाहुणे पुढच्या डब्यात, आम्ही मागे. कल्याणला गाडी थांबली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. फलाटावर दोऱ्या बांधलेल्या, फिनेलचा वास, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मुंबईकडून आलेल्या प्रत्येकाला तपासल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. अंगरखा वर, हात वर, डाक्टर काखेत चाचपणार, मग जांघेत. आमचे गडी एकेक करून गेले. मामा गेला. मी सगळ्यात शेवटी, शेवटच्या पाटीची सवय!

डाक्टरचा हात माझ्या जांघेपाशी आला आणि थांबला.

"ही काय आहे?"

"अवधाण, साहेब. पायाला लागलंय."

"दाखव पाय."

मी पाय वर केला. आणि काय दाखवणार? मामाच्या हातगुणाने जखम अशी मिटली होती, की शिंप शिरली होती तिथे नुसती एक गुलाबी रेघ. तीसुद्धा तेलाने चमकत होती. डाक्टरने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावला. मी चिडून आतून पेटलेला, अंग गरम लागणार नाही तर काय? आज विचार केला तर डाक्टरचंही चुकलं असं म्हणवत नाही. त्याच्यापुढे रोज खऱ्या गाठी येत होत्या. पण त्या दिवशी मला तो यमाचा सख्खा भाऊ वाटला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"याच्याबरोबर कोण कोण आहे?" हवालदाराने मोठ्याने विचारलं.

दोरीपलीकडे आमचा सगळा संघ उभा होता. मामाने तोंड उघडलं. तो 'आम्ही' म्हणाला असता, तर अख्खाच्या अख्खा संघ छावणीत गेला असता आणि सामना तिथेच मेला असता. मी मामाकडे असे डोळे वटारले, जसे आयुष्यात त्याच्याकडे कधी वटारले नव्हते, आणि ओरडलो, "कोणी नाही! मी एकटा आहे!"

मामाचं तोंड मिटलं. गडी जमिनीकडे बघायला लागले. मग मला दोन शिपाई धरून न्यायला लागले तेव्हा मी कोणाकडेही न बघता पुन्हा ओरडलो, "माझ्यासाठी कोणी थांबू नका! आपलं काम करा!" मला वाटलं, इतकं सांगितलं म्हणजे झालं. मामा शहाणा माणूस. तो स्वतः उभा राहील. गुडघे गेले तरी मामा तो मामा. एका सामन्यापुरता ओढून नेईल. संघ वाचेल. आणि पुढच्या खेपेला मी आहेच.

गाडीने शिट्टी दिली तेव्हा मी छावणीच्या दारात उभा होतो आणि दात खात होतो. रागाने. ज्या सामन्यासाठी मी अख्खा हंगाम जीव टांगून बसलो, तो माझ्या डोळ्यांदेखत धूर सोडत खडवलीकडे निघून गेला. हातातोंडाशी आलेला घास असा गेला, की मला रडूसुद्धा आलं नाही. मी चुलत्यामालत्यांसकट सगळ्या रेल्वेला शिव्या दिल्या. शिपाई उत्तरेकडचा होता, त्याला त्यातली एकही कळली नाही, त्यामुळे समाधानही झालं नाही.

छावणी म्हणजे तट्ट्यांच्या झोपड्या, भोवती तट्ट्यांचं कुंपण, सगळीकडे चुना फासलेला. आत सगळ्या जातीची, सगळ्या धंद्यांची माणसं, प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयाने बघणारा. माझ्या शेजारी एक शाळामास्तर होते, नाशिकला बायकोकडे निघालेले. त्यांना साधा ताप होता, पण ते दिवसभर स्वतःची काख चाचपत बसायचे. त्यांचा जीव रमावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझाच रमावा म्हणून, मी चुलीतली राख घेऊन अंगणात पाट्या आखल्या आणि चार धडधाकट माणसांना म्हटलं, चला, शिकवतो. मास्तरसुद्धा धोतर खोचून उभे राहिले. मी उभ्या पाटीवर उभा. पहिलाच माणूस माझ्या बाजूने निसटायला गेला, मी हात टाकला, आणि शिपाई काठी आपटत आला, "ए! छूना मना है!"

बरोबरच होतं त्याचं. छावणीत कोणी कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. आता हात न लावता आट्यापाट्या कशा खेळायच्या ते ब्रह्मदेवानेच सांगावं! शिपायाने राखेवर चुन्याचं पाणी ओतलं. मास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो." मी जाऊ देणाऱ्यातला नव्हतो, पण गेलो झोपडीत आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. अवधाण तोवर अर्धं उतरलं होतं. ते मात्र कोणी बघायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपायाने हाक मारली, की कुंपणापाशी कोणी आलंय. मी धावलो. दोरीपलीकडे मामा उभा होता. परतीच्या गाडीतून तो एकटा कल्याणला उतरला होता. काखेत गाठोडं. उन्हाने तोंड काळवंडलेलं.

"काय झालं? जिंकलो?" मी ओरडलो.

"हरलो."

"हरलो? तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचा काय संबंध? मी कुटं उबा व्हतो?"

मला कळेना. "मग सूर कोण होता?"

मामाने गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. "तू," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते ऐकून माझ्या मेंदूला मुंग्या आल्या. नाणेफेक झाली. खडवलीकर समोर उभे. शेट आणि पाहुणे जाजमावर बसलेले. आमचे गडी मामाकडे बघताहेत, की आता हा धोतर खोचणार. मामाने गाठोडं सोडलं, शेला काढला, उभ्या पाटीवर लांब अंथरला आणि दोन्ही टोकांना दगड ठेवला. खडवलीकरांना म्हणाला, आमचा सूर कल्याणला अडकलाय, त्याची जागा ही. आणि मैदानाबाहेर जाऊन बसला. आमचे आठ गडी खेळले. मधली पाटी मोकळी. कोंडी एकही झाली नाही. पहिल्या डावात खडवलीकर कडेकडेनेच पळाले, त्यांचे दोन गडी आपणच हद्दीबाहेर गेले तेवढे; दुसऱ्या डावात मात्र मांजरासारखे मधून जात राहिले, येत राहिले.

"अरे, पण तू का नाही उभा राहिलास?" मी कुंपणाचं तट्टं दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. "तू होतास की तिथं! दोन हात, दोन पाय! मी काय ओरडून गेलो होतो? नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी उभा करायचास! एवढा एक सामना होता रे मामा, एवढा एकच!"

"आईसमोर नारल फोडलाय," मामा म्हणाला. शांतपणे, जसा काही मी लहान पोर आहे. "जागा तुजी. दिलेली जागा परत घ्याची? मी उबा ऱ्हायलो असतो तं तू कंचा सूर? आन् फलाटावं तू आमाला वाचवलास, आन् मी जाऊन तुजी जागा खाऊ?"

"शेट काय म्हणाले?"

"शेट काय म्हनतील? पाव्हन्यांसमोर तोंड लाल झालता त्यांचा. रिकाम्या पाटीवं माजा नाव घालवलास, म्हनाले. संघ मोडला. उद्यापास्नं सगली मिठावं."

मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. म्हातारा खुळा म्हणालो, त्याच्या देवीला बोललो, त्याच्या शेल्याला बोललो. माझी जागा राखायला त्याने माझा संघच घालवला होता! जागा राहिली, पण कशातली? मामा सगळं ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "पाय कसा हाय?" मी पाठ फिरवली. तो स्टेशनाकडे चालू लागला, गुडघे सांभाळत.

छावणीतून मी धडधाकट बाहेर पडलो. मास्तरही सुटले. गावी परतल्यावर मी मिठाची पाटी डोक्यावर घेतली. मामाशी बोलायला लागलो ते शिमग्यानंतर, तेही आईने दोघांना एका ताटाशी बसवलं म्हणून. तो म्हणायचा, "पुढल्या साली बग, गावातल्या गावात सामना लावतो, शेला बांधतो." पुढल्या साली ताप आमच्याच गावात आला. आम्ही सगळे खारीच्या बांधावर झोपड्या घालून राहिलो, आणि मामा त्या झोपडीतून परत घरी आला नाही. त्याचं अंथरूण, कपडे, गाठोडं, सगळं हुकमाप्रमाणे जाळलं. शेला गाठोड्यातच होता. मी मागायला गेलो, तर लांबूनच हाकललं मला.

बरीच वर्षं गेली. मी मिठागराचा मुकादम झालो होतो. एका कामासाठी ठाण्याच्या कचेरीत पिंपळाखाली बसलो असताना शेजारच्या माणसाने गाव विचारलं. मी कोलशेत म्हटलं. तो सरसावून बसला. "म्हणजे त्या आट्यापाट्यावाल्यांचं कोलशेत? आम्ही खडवलीचे. तुमच्याविरुद्ध खेळलोय मी, तापाच्या सालात. तुमचा सूर नव्हता आला, आठवतं?"

"आठवतं," मी म्हणालो. "तो मीच."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मांडीवर थाप मारून हसायला लागला. "अहो, काय छळलंत तुम्ही आम्हाला! तो म्हातारा शेला अंथरून गेला, आम्हाला वाटलं हा काहीतरी डाव आहे. कोणी म्हणे करणी असेल. पहिला अख्खा डाव त्या शेल्याजवळ जायची कोणाची छाती होईना. कडेकडेनं पळायला गेलो आणि आमचे दोन गडी शेल्याला बिचकून हद्दीबाहेर गेले, बाद! दुसऱ्या डावात मग आमच्यातला एक दारू पिऊन आला आणि शेल्यापासून हातभर अंतरावरून गेला, काही झालं नाही, तेव्हा कुठे आम्ही सुटलो."

मी त्याला माझ्याकडचं पानतंबाखू सगळं देऊन टाकलं. माझा पुकारा झाला तो मला ऐकू आला नाही, शिपायाने दोनदा येऊन हलवलं. घरी येताना वाटभर माझ्या मनात एकच, की हे मामाला सांगायला पाहिजे, आत्ताच्या आत्ता. आणि कोलशेतचा बांध दिसायला लागला तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा पुन्हा असा संताप आला! हे ऐकायला तरी थांबायचंस की रे. मी बांधावर बसून रडलो, चांगला मोठ्याने, मुकादम असून.

तेव्हापासून मी एक ठरवलं आहे. कोणी विचारलं, की खडवलीला तुम्ही सूर होतात ना, तर मी हो म्हणतो. आणि किती गडी मारलेत असं विचारलं, तर सांगतो, दोन.